पुढच्या चाकांवरचं वजन

मी हॅनोव्हरला शिकत होतो तेव्हाची, म्हणजे साठ-एकसष्टच्या सुमाराची ही हकिगत आहे. ती मी आजवर कोणालाही पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला निम्मी सांगितली, आणि ती निम्मी माझ्या सोयीची होती. मुलांना सांगताना तर मी तिचा विनोद केला. तुमचा बाप एकदा कसा चुकला आणि एक अख्खा ट्रक कसा कोणाच्या तरी परसबागेत जाऊन बसला! मुलं खदाखदा हसली. तो ट्रक चालवणारा माणूस तेव्हा पंचावन्नच्या पुढे होता. आज मी त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारा आहे. उरलेली निम्मी आता सांगून टाकतो.

आम्हा विद्यार्थ्यांना परीक्षेला बसण्याआधी काही महिने कुठेतरी कामाचा अनुभव घ्यावा लागे. अशा उमेदवाराला तिकडे 'प्राक्टिकांट' म्हणतात. मला शहराच्या दक्षिणेला असलेल्या एका मालवाहतूक कंपनीत जागा मिळाली. कंपनी लहानच होती. मालक, वर्कशॉपचा माइस्टर, म्हणजे तिथला मुख्य मिस्त्री, दहा-बारा ड्रायव्हर आणि एक कायम ओलं असलेलं अंगण. आसपासच्या कारखान्यांतली अवजड यंत्रं उचलायची आणि इकडून तिकडे पोचवायची. वसंतात शहरात यंत्रांची मोठी जत्रा भरे, तेव्हा तर कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसे.

पूर्वी त्यांच्या ट्रकमागे दांड्याने जोडलेले ट्रेलर असत. तो ट्रेलर स्वतःच्या चार चाकांवर उभा असतो, ट्रकने फक्त त्याला ओढायचं. मग गाड्यांच्या लांबीचे नियम बदलले आणि मालकाने नवे ट्रेलर घेतले. या ट्रेलरना पुढची चाकंच नव्हती. त्यांचं पुढचं टोक ट्रकच्या पाठीवर टेकवायचं. त्यासाठी ट्रकच्या पाठीवर ग्रीस माखलेली एक जाड लोखंडी तबकडी असते आणि तिच्या खाचेत ट्रेलरची खुंटी अडकते. त्या तबकडीला जर्मन लोक 'सॅटल' म्हणतात, म्हणजे खोगीर. नाव अगदी चपखल आहे, कारण आता ट्रकला नुसतं ओढून भागत नाही, ट्रेलरचा निम्मा भार पाठीवर वाहावा लागतो.

मालक काटकसरी. नवे ट्रक घेण्याऐवजी त्याने तीन जुन्या ट्रकचे मागचे हौदे काढून टाकले आणि स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये त्यांच्यावर खोगिरं बसवून घेतली. खोगिराखालच्या पट्ट्यांना भोकांच्या ओळी होत्या, त्यामुळे बोल्ट काढून ते पुढे किंवा मागे सरकवता येई. ट्रक तीन, ट्रेलर सात. कोणत्या ट्रकला कोणता ट्रेलर जोडायचा आणि तेव्हा खोगीर कोणत्या भोकांत हवं, हे माइस्टर नजरेने ठरवायचा. मालकाला ते कागदावर हवं होतं. त्याने ते काम मला दिलं.

मी दोन आठवडे बसून एक तक्ता केला. इंजिनाची ताकद, चढ, एकूण वजन, मागच्या ॲक्सलवर किती भार चालेल, वळताना ट्रेलरचे पुढचे कोपरे केबिनपासून किती लांब राहतील, सगळं काढलं. काळ्या शाईत, ठळक अक्षरांत, रेघन् रेघ सरळ. मालक इतका खूश झाला की त्याने तो काचेच्या चौकटीत घालून ऑफिसच्या भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "हे आमच्या भारतीय इंजिनिअरने केलंय." मी इंजिनिअर नव्हतो. माझ्या दोन परीक्षा अजून राहिल्या होत्या. पण मी एकदाही त्याला दुरुस्त केलं नाही, आणि थोड्याच दिवसांत सगळी कंपनी मला 'हेर इंजिनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणू लागली. घरी वडिलांना पत्र लिहिताना मी ते कौतुकाने कळवलंसुद्धा.

तक्त्यात एक रकाना नव्हता. मागच्या ॲक्सलवर भार जास्त होत नाही ना, हे मी पाहिलं होतं. पुढच्या ॲक्सलवर तो कमी पडत नाही ना, हे पाहिलंच नव्हतं. जास्त झालं की मोडतं, एवढंच माझ्या पुस्तकी डोक्यात बसलं होतं. त्यात लांब ट्रेलरचे कोपरे केबिनला घासतील या धास्तीने मी त्याच्यासाठी खोगीर सगळ्यात मागच्या भोकांत लिहिलं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही वीतभर मागे. सरकारी तपासनिसाने तो ट्रक पाहून शिक्का मारला तेव्हा खोगीर पुढच्या भोकांत होतं. मागची भोकं ही निव्वळ माझी अक्कल.

आता त्या ड्रायव्हरविषयी. सुरुवातीला माइस्टरने मला काम समजावं म्हणून महिनाभर त्याच्या शेजारी बसवून फिरवलं होतं. अंगाने थोराड, कान मोठे, बोलणं मोजकं, आणि डोक्यावरची टोपी फक्त जेवताना उतरायची. लढाईच्या आधीपासून तो ट्रक चालवत होता. केबिनमध्ये त्याने मला जर्मन शिकवलं. पुस्तकातलं जर्मन घेऊन मी आलो होतो, पण दुकानातली बाई दोन वाक्यं भरभर बोलली की माझी बोबडी वळायची. रस्त्यात दिसेल ती वस्तू तो बोटाने दाखवायचा आणि मी तिचं नाव सांगायचं. नावाआधीचं, लिंग दाखवणारं 'डेअर-डी-डास' चुकलं की तो काही बोलायचा नाही, फक्त स्टिअरिंगवर बोटाने टकटक करत राहायचा. बरोबर येईपर्यंत टकटक चालू. नाताळपर्यंत मी त्याच्याशी वाद घालू लागलो होतो. घरमालकीण म्हणाली की मी तिच्या जावयापेक्षा स्वच्छ बोलतो.

रविवारी तो मला कधीकधी घरी न्यायचा. मी मांस खात नाही हे कळल्यावर त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला होता, पण पुढच्या वेळी तिने किसलेल्या बटाट्याची थालिपिठांसारखी गरम धिरडी केली आणि त्यावर सफरचंदाचा मुरंबा वाढला. मी नऊ खाल्ली. दहावं तिने न विचारताच ताटात टाकलं. परक्या मुलखात कोणी आग्रह करून वाढण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायची त्याची रीत होती. प्रत्येक चाकापाशी तो वाकायचा, पाट्याची स्प्रिंग आणि वरची चौकट यांच्या फटीत तळहात उभा घालायचा आणि क्षणभर तसाच थांबायचा. मला त्याची गंमत वाटे. एकदा मी विचारलं, "तुमच्या हाताला किलोग्रॅम कळतात का?"

"किलोग्रॅम नाही कळत," तो म्हणाला. "गाडीला झेपतंय का, तेवढं कळतं."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नक्कल करून सांगितलं आणि टायपिस्ट मुलीला हसवलं.

जत्रा आठ-दहा दिवसांवर आली होती. वेझर नदीकडच्या डोंगराळ भागातल्या एका कारखान्यातून बिडाचं एक मोठं यंत्र आणायचं होतं. तक्त्याप्रमाणे दोन नंबरचा ट्रक, लांब ट्रेलर आणि मागची भोकं. गाडी त्याच्याकडे दिली होती. यंत्राची फेरी गुरुवारी होती, आधीच्या शुक्रवारी-शनिवारी त्याने हीच जोडी दुसऱ्या मालावर चालवली होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात मी एकटाच असताना तो आत आला आणि त्याने मागे दार लावून घेतलं.

"हेर इंजिनिअर, थोडं बोलायचं होतं," तो म्हणाला. "दोन नंबरची पुढची बाजू हलकी लागते."

"हलकी म्हणजे?"

"स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी विचार करते, मग वळते. आता माल बेताचा होता. ते यंत्र चढल्यावर काय होईल? सॅटल दोन भोकं पुढे घेऊ या."

"पुढे घेतलं तर वळणावर ट्रेलरचे कोपरे केबिनला घासतील," मी म्हणालो. "मी मोजलंय ते."

"आल्झो, बरं तर, अंगणात वळवून बघू. घासलं तर परत मागे घेऊ. नाहीतर असं करा. साखर कारखान्याचा वजनकाटा इथून जवळ आहे. भरलेल्या गाडीचा पुढचा ॲक्सल तेवढा काट्यावर चढवायचा. तुम्ही माझ्याबरोबर चला, आकडा तुम्हीच वाचा." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "माइस्टरला यातलं काही सांगायची गरज नाही."

त्यातला शब्द न् शब्द मला समजला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

तो मला वाचवायला आला होता. चूक असेल तर ती गुपचूप सुधारावी, पोराची सगळ्यांदेखत शोभा होऊ नये, म्हणून त्याने सुट्टीची वेळ गाठली होती आणि दार लावलं होतं. मला मात्र त्याचा राग आला. एक सातवी शिकलेला ड्रायव्हर माझं गणित काट्यावर तपासणार! इंजिनिअरने कागदावर काढायचं आणि मिस्त्रीने हाताने करायचं, हे मी पुण्याच्या कॉलेजातून डोक्यात भरून आणलं होतं. वर्कशॉपच्या तासाला आम्ही कानस धरायला गडी बोलवायचो. हात काळे करणारा आपल्याला काही शिकवू शकतो, ही कल्पनाच मला नव्हती. ज्याने मला बोलायला शिकवलं त्याच्याबद्दलही नव्हती.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणालो.

"पुढच्या ॲक्सलचेही?"

"सगळे," मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं.

तो काचेसमोर थोडा वेळ उभा राहिला. मग "गेनाऊ" एवढंच म्हणून, टोपी नीट करून बाहेर गेला. 'अगदी बरोबर' असा त्याचा अर्थ, पण त्याने तो शब्द कसा उच्चारला ते मला आवडलं नाही.

तो गेल्यावर मी तक्त्यापाशी गेलो. पुढच्या ॲक्सलचा रकाना नाही हे मला तेव्हाच दिसलं. अपघातानंतर नव्हे, त्याच सोमवारी, तो अजून अंगण ओलांडत होता तेव्हा. मी त्याला हाक मारू शकलो असतो. पण तक्ता बदलायचा म्हणजे काच काढायची, आणि काच काढायची म्हणजे मालकाला कारण सांगायचं. जत्रेची गडबड संपली की सावकाश बघू, असं मी ठरवलं आणि डबा उघडला.

गुरुवारी दुपारी फोन आला. डोंगर उतरताना एका गावातल्या वळणावर, पावसाने निसरड्या झालेल्या फरसबंदी रस्त्यावर, पुढची चाकं वळली आणि गाडी सरळच गेली. एका घराचं कुंपण फोडून ती बागेत घुसली. यंत्र साखळ्या तोडून पुढे आलं आणि केबिनला चाटून जमिनीत रुतलं. ड्रायव्हरच्या खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. त्या घरातली बाई दोरीवरचे कपडे काढून पाच मिनिटांपूर्वीच आत गेली होती. पाऊस जरा उशिरा आला असता तर हे लिहायला माझे हात धजले नसते.

माइस्टर मला घेऊन तिथे गेला. खोगीर मागच्या भोकांत तसंच होतं. त्याने खिशातली घडीची मोजपट्टी काढली, ॲक्सलपासून खोगिरापर्यंतचं अंतर मोजलं, आणि पट्टी मिटून खिशात ठेवली. घरी येऊन मी गणित मांडलं. दहा ओळींत उत्तर आलं. भार ॲक्सलच्या मागे पडल्यामुळे ट्रकचं तोंड वर उचललं गेलं होतं आणि भरलेल्या गाडीची पुढची चाकं रिकाम्या गाडीपेक्षाही हलकी झाली होती.

आपल्याकडच्या कोणत्याही गाडीवानाला हे सांगावं लागत नाही. बैलगाडीत पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. गाडीवान जू हाताने उचलून बघतो आणि दोन पोती पुढे ओढतो. लहानपणी मंडईबाहेर मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आईने मला ऐकवली नव्हती असंही नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मालकाच्या खोलीत चौकशी झाली. टेबलावर कॉफी होती. मालक, माइस्टर, विमा कंपनीचा एक सडपातळ, अत्यंत सभ्य माणूस, हात गळ्यात बांधलेला ड्रायव्हर आणि मी. विमावाल्याने सुरुवातीलाच साफ सांगितलं. गाडीत दोष आहे असं ड्रायव्हरला जाणवलं आणि त्याने ते जबाबदार माणसाला सांगितलं असेल, तर पुढचा दोष त्याचा नाही. जाणवूनही कोणाला न सांगता त्याने गाडी काढली असेल, तर दोष संपूर्ण त्याचा. मग या कंपनीत त्याच्या हाती पुन्हा ट्रक देता येणार नाही. त्या वयात दुसरी कंपनी त्याला घेणार नव्हती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मला जाणवलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "मी सांगितलं होतं."

"कोणाला?"

"हेर इंजिनिअरना. सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत."

"माइस्टरना का नाही सांगितलंत?"

"तक्ता यांचा होता. आधी यांनाच सांगावं असं वाटलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विमावाल्याने हळुवारपणे विचारलं, "हे खरं आहे का? यांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

त्या दोन-तीन क्षणांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मला अजून आठवतं. राहिलेल्या दोन परीक्षा. कंपनीकडून मिळायचा कामाचा दाखला, ज्याला ते 'त्सॉयग्निस' म्हणतात आणि ज्याच्याशिवाय मला परीक्षेला बसू दिलं नसतं. परदेशी लोकांच्या कचेरीतला राहण्याचा शिक्का. आमच्या आळीत माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवणारे वडील. यातल्या एकाही गोष्टीला खरं बोलल्याने धोका होताच, असं आज मला वाटत नाही. कदाचित मालक रागावला असता, माइस्टरने चार शब्द सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण तेव्हा मला फक्त काचेमागचा तो तक्ता आणि त्याच्याखालची माझी सही दिसत होती.

"हो, काही बोलले," मी म्हणालो. "पण मी... नीट समजलो नाही. माझं जर्मन... अजून फार कमी."

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक. मी ते वाक्य मुद्दाम मोडकंतोडकं बोललो. क्रियापद चुकीच्या जागी टाकलं. नावाआधीचं 'डेअर-डी-डास' गाळून टाकलं. जे मला त्याने महिनाभर टकटक करून शिकवलं होतं, ते त्याच्यासमोर बसून मी एकेक करून चुकवलं. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, चारचौघे बोलतात तेवढं. पण या खोट्याची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

विमावाल्याचा चेहरा एकदम मऊ झाला. परदेशी मुलगा, बिचारा. "पण तुम्ही छान बोलता हो," तो म्हणाला. मालकाने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्या कपात कॉफी ओतली. माइस्टर खाली मान घालून बसला होता. माझं जर्मन कसं आहे ते त्याला नक्की माहीत होतं, पण त्यानेही मूग गिळले. मागच्या भोकांत बोल्ट कसले होते ते त्याच्याच वर्कशॉपने.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. 'याला सगळं समजतं, मी शिकवलंय याला,' एवढं तो म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे सापडलो असतो. तो म्हणाला नाही. का, ते मी त्याला कधी विचारू शकलो नाही.

"म्हणजे तुम्ही एका विद्यार्थ्याला सांगितलंत," विमावाला त्याच्याकडे वळून म्हणाला, आता त्याचा आवाज कोरडा होता. "त्याला समजलं की नाही तेही पाहिलं नाहीत. आणि तरी गाडी घेऊन गेलात."

"या," ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे हो.

खांदा बरा झाल्यावर त्याला फाटकावर बसवलं. काचेच्या खोक्यात बसायचं, गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, नंबर लिहून घ्यायचा, दांडा खाली करायचा. भिंतीवरचा तक्ता एके दिवशी निघाला, त्या जागी एका टायर कंपनीचं कॅलेंडर आलं. माइस्टरने तिन्ही ट्रकची खोगिरं पुढच्या भोकांत घेतली. लांब ट्रेलर अंगणात गोल फिरवून पाहिला. कोपरे केबिनपासून चार बोटं लांब राहिले. मला त्याने प्रत्येक भरलेल्या गाडीबरोबर साखर कारखान्याच्या काट्यावर पिटाळायला सुरुवात केली. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर, तिन्ही वजनं वहीत. ऊन असो, पाऊस असो. मी निमूट जायचो. माझ्या राहिलेल्या दोन महिन्यांत मी खरोखर थोडा इंजिनिअर झालो असेन.

रोज सकाळी फाटकातून आत जावं लागे. मी "गुटन मॉर्गन" म्हणायचो. तो मान हलवायचा. मग मी ट्रक आत शिरताना त्याच्या आडून सायकल काढायला शिकलो.

एकदा बाजारात त्याची बायको भेटली. मला पाहून तिचा चेहरा खुलला. "रविवारी येत का नाही तुम्ही?" ती म्हणाली. "हे म्हणतात, तुम्हाला अभ्यास फार असतो. पण माणसाने जेवायला तर यावं की नाही?" त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी अभ्यासाचं कारण पुढे केलं. तिने माझा दंड चाचपून पाहिला आणि म्हणाली की मी वाळलोय. मी तिथून अक्षरशः पळ काढला.

शेवटच्या दिवशी दुपारी मालकाने मला दाखला दिला. जाड कागद, गोल शिक्का, कष्टाळू आणि विश्वासू असा उल्लेख. मी तो लिफाफ्यात घालून खाली आलो. आठवडाभर मी काही वाक्यं तयार करत होतो. आता ती बोलायची असं ठरवलं होतं. दाखला हातात पडण्याआधी का नाही ठरवलं, याचं उत्तर कोणालाही देता येईल.

फाटकाच्या खोक्यापाशी गेलो. तो एकटाच होता. मी टोपी काढली आणि बोलायला लागलो. त्या दिवशी मला सगळं समजलं होतं. मी खोटं बोललो. तक्त्यात रकाना नव्हता, तेही मला तेव्हाच दिसलं होतं. तुमचा काही दोष नाही. मी आता मालकाकडे वर जातो आणि सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमची गाडी परत मिळेल. एकही चूक न करता बोललो. इतकं चांगलं जर्मन मी पुढे चाळीस वर्षं त्या देशात राहूनही क्वचितच बोललो असेन.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हातातल्या लिफाफ्याकडे पाहिलं. लिफाफ्याच्या खिडकीतून शिक्का दिसत होता. तो उठून बाहेर आला, त्याने माझं कोपर धरलं आणि मला रस्त्याच्या बाजूला वळवलं. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. जेवढा गेला तेवढ्याने त्याने बोट दाखवलं. ओळख झाल्यापासून मला 'तुम्ही' म्हणणारा तो माणूस एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने, नुकत्याच आलेल्या परक्या मजुराशी बोलावं तसं बोलला.

"ट्राम. तिकडे. तू जाणे. आठ नंबर. तुला समजलं?"

मालकाच्या खोलीचा जिना माझ्या मागे वीस पावलांवर होता. मी मान हलवली.

"समजलं," मी म्हणालो, आणि ट्रामकडे चालू लागलो.